तलवारबाजीची शाळा आणि तिचे गुरुजन

आमच्या बीदर जिल्ह्यास शस्त्रखेळ नवा नाही. मोहरमच्या दिवसांत फिरणारी लाठी, गुरुद्वारा नानक झिरा साहिबच्या उत्सवांत खेळला जाणारा गतका आणि शिवजयंतीस चौकात फिरणारा दांडपट्टा, ही तिन्ही दृश्ये ज्या मुलखात एकाच वर्षात पाहावयास मिळतात, तेथील मुलांना तलवारीचे आकर्षण वाटले तर त्यात नवल ते काय? शीख परंपरेतील पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे मूळचे बीदरचे, हे तर येथील शाळकरी मुलेही सांगतात. बहामनी सुलतानांच्या किल्ल्याची तटबंदी रोज डोळ्यांसमोर असली म्हणजे तलवार ही वस्तू मुलांना परकी वाटत नाही.

अलीकडे मात्र या आकर्षणास निराळे वळण लागले आहे. तलवारबाजी हा ऑलिम्पिकमधील खेळ आहे, त्याच्या शालेय स्पर्धा होतात, त्यात प्रावीण्य मिळविणाऱ्यास पुढे शिक्षणात व नोकरीत सवलत मिळू शकते, हे आता खेड्यापाड्यांतील पालकांस ठाऊक झाले आहे. जनवाड्यासारख्या गावातले पालकही आम्हां शिक्षकांस विचारू लागले आहेत, की आपल्याकडे मुलामुलींसाठी असे मंडळ काढता येईल काय? तलवारी कोठे मिळतात? किती पैसे लागतील? जागा केवढी हवी? प्रश्न सारे रास्त आहेत. परंतु आम्हांस विचारल्या गेलेल्या या प्रश्नांत एक प्रश्न कधीच नसतो, आणि तो म्हणजे : शिकविणार कोण?

आमच्या मते मंडळाचे भवितव्य याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. वर्गणी जमते, जागा मिळते, सामानही येते. मात्र शिकविणारा हात नसेल, किंवा तो एकच असून त्याच्यामागे दुसरा तयार झालेला नसेल, तर सामान गंजते आणि मुलांची उमेदीची वर्षे वाया जातात. म्हणून शस्त्रविद्येच्या काही शाळा कोणी काढल्या, तेथे कोणी शिकविले आणि त्या कशा टिकल्या, याची हकीगत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. तीत आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

खेळाचे स्वरूप

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. आधुनिक तलवारबाजी चौदा मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद अशा पट्टीवर खेळतात. शस्त्रे तीन प्रकारची असतात. ‘फॉइल’ हे हलके शस्त्र. त्याचे वजन 500 ग्रॅमपेक्षा अधिक नसते आणि वार केवळ टोकाने व केवळ धडावर करावयाचा असतो. ‘एपे’ हे त्याहून जड, 770 ग्रॅमपर्यंतचे. यातही वार टोकाचाच, परंतु तो पायाच्या बोटांपासून मस्तकापर्यंत कोठेही चालतो. तिसरे ‘सेबर’, याने टोकाचा तसाच पात्याच्या कडेचाही वार करता येतो, आणि कमरेच्या वरचा, मनगटापुढील हात वगळून सारा देह हे त्याचे लक्ष्य असते. शस्त्रांना धार नसते, टोक बोथट असते. वार लागला की विजेच्या जोडणीमुळे दिवा लागतो. एपेसाठी ही विजेची यंत्रणा ऑलिम्पिकमध्ये 1936 साली आली, फॉइलसाठी 1956 साली. प्राथमिक फेरीत पाच वारांचा सामना असतो, बाद फेरीत पंधरा वारांचा.

फॉइल आणि सेबर या दोन प्रकारांत केवळ दिवा लागणे पुरेसे नसते. दोघांचे वार एकाच वेळी लागले, तर आक्रमणाचा हक्क कोणाचा होता हे पंच ठरवितो. ज्याने प्रथम चढाई केली त्याचा हक्क पहिला. प्रतिस्पर्ध्याने तो वार अडविला, की हक्क त्याच्याकडे जातो. समोरचा वार आधी सोडवावा आणि मगच आपला वार करावा, हा नियम एखाद्या वादसभेसारखा आहे. उतावीळ मुलास तो जड जातो, म्हणूनच तो त्याच्या उपयोगी पडतो.

आमच्या भाषेस या खेळाची परिभाषा मुळीच परकी नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. पवित्रा, रोख, हूल, झेप, वार अडविणे, उलटा वार, हातघाई हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. पंचांच्या आज्ञा फ्रेंच भाषेत असतात. ‘आँ गार्द’ म्हणताच खेळाडूने पवित्रा घ्यावयाचा आणि ‘आले’ म्हणताच खेळ सुरू करावयाचा. मराठी, कन्नड आणि उर्दू या तीन भाषांत वाढणाऱ्या आमच्या मुलांना फ्रेंचच्या पाच-सात शब्दांचा काय धाक वाटणार?

बडोद्याचा आखाडा

विलायती तलवारबाजीत ‘फॉइल’चे जे स्थान, तेच आपल्याकडे फरीगदग्याचे. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल, आणि गदगा म्हणजे चामडे मढविलेली काठी. ढालतलवारीचे हात जिवास धोका न पोहोचता शिकता यावेत, म्हणून ही जोडी निर्माण झाली. शिखांचा गतका आणि आपला गदगा हे शब्द ऐकताच एका कुळातले वाटतात. तेव्हा बोथट शस्त्राने, नियम पाळून, परस्परांस इजा न करता लढण्याची कल्पना आपल्या मातीत पूर्वीपासूनच रुजलेली आहे.

ही विद्या शाळेच्या शिस्तीने शिकविण्याचे मोठे कार्य महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी वस्तीत झाले. बडोद्याचे जुम्मादादा हे आपल्या काळातील नाणावलेले उस्ताद. कुस्ती, मल्लखांब आणि शस्त्रांचे हात यांत ते तरबेज होते. त्यांचे पट्टशिष्य म्हणजे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. गुरूच्या पश्चात माणिकरावांनी आखाडा चालविला, वाढविला आणि त्यास ‘जुम्मादादा व्यायाम मंदिर’ हे नाव दिले. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि व्यायामशाळेस ‘मंदिर’ म्हणत असतानाच त्या नावात उस्तादाचे स्मरण! आमच्यासारख्या मिश्र वस्तीच्या मुलखातील वाचकांनी या नावाकडे क्षणभर थांबून पाहावे. विद्येचे ऋण कसे फेडावे, याचा एक धडाच त्या पाटीवर लिहिलेला आहे.

माणिकरावांचे वैशिष्ट्य असे की केवळ स्वतः उत्तम खेळून ते थांबले नाहीत. आखाड्यात विद्या एकास एक अशी दिली जाते. गुरू समोर उभा राहतो आणि शिष्य त्याचे हात पाहून शिकतो. अशा पद्धतीने वर्षाकाठी दहा शिष्य तयार होतात. शंभर मुलांच्या शाळेस ती पद्धत पुरत नाही. माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसविली आणि कवायतीच्या इंग्रजी हुकुमांच्या जागी देशी हुकूम आणले. लाठी, लेझीम इत्यादी प्रकार आकड्यांत आणि तालात बसले, म्हणजे मध्यम कुवतीचा शिक्षकही ते रांगेत शिकवू शकतो. हाडवैद्य म्हणूनही माणिकरावांची ख्याती होती. हात निखळलेल्या मुलाचा हात बसविणारा आणि त्यास लाठी शिकविणारा एकच पुरुष असेल, तर पालकांचा विश्वास आपोआप बसतो.

याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादिला. दहा खंडांचा हा प्रचंड ग्रंथ 1936 ते 1949 या काळात मराठीत प्रसिद्ध झाला. उस्तादाच्या हातातील विद्या शिष्याच्या हातात उतरली, हुकुमांत बसली आणि शेवटी छापील पानावर आली. परप्रांतात राहून मराठी माणसांनी मराठी भाषेत एवढे काम केले, हे आपल्या घराघरांतून सांगितले गेले पाहिजे.

अमरावतीचे वैद्य बंधू

दुसरे उदाहरण अमरावतीचे. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 साली तेथे हनुमान आखाड्याची स्थापना केली. आज तीच संस्था श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर ओळखली जाते. लाठी, बोथाटी, फरीगदगा, जंबिया, मल्लखांब, कुस्ती असे नाना प्रकार तेथे शिकविले जात. क्रांतिकारक राजगुरू यांनीही तेथे शिक्षण घेतले होते.

या मंडळाची थोरवी त्याच्या नावातील ‘प्रसारक’ या शब्दात आहे, असे आम्हांस वाटते. गावातील तरुणांना खेळ शिकवून संस्थापक समाधानी राहिले असते, तर अमरावतीत एक चांगला आखाडा झाला असता, एवढेच. त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षणवर्ग भरविण्यास आरंभ केला. दूरदूरच्या गावांहून शिक्षक आणि तरुण येत, काही आठवडे राहात, शिकत आणि परत जाऊन आपापल्या गावी शिकवीत. उन्हाळी सुटीचा हा उपयोग कोणाही शिक्षकास सहज उमजेल. शाळा बंद, मैदान मोकळे आणि शिक्षक रिकामा, असा काळ वर्षातून एकदाच येतो.

मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली आणि 1949 साली स्टॉकहोम येथील लिंगियाड या व्यायाममेळ्यातही भाग घेतला. 1967 साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले. दोन भावांच्या आखाड्यापासून शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयापर्यंतचा हा प्रवास त्रेपन्न वर्षांचा आहे. एका माणसाच्या उमेदीत तो मावत नाही. एकाने दुसऱ्याच्या हाती सूत्र दिले, म्हणून तो घडला.

नापित आणि युद्धकैदी

आता क्षणभर युरोपकडे वळू. बडोदे आणि अमरावती येथील गुरुजनांना परंपरेचा आधार होता. शेकडो वर्षांची विद्या त्यांच्या पाठीशी उभी होती. ज्या गावात अशी परंपरा नाही, तेथे काय करावे? त्याचे उत्तर युरोपातील दोन लहान गावांत सापडते.

जर्मनीत ताउबरबिशोफ्सहाइम नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे एमिल बेक नावाचा तरुण केशकर्तनाचा व्यवसाय करीत असे. चित्रपटगृहात दाखविल्या जाणाऱ्या वार्तापटात त्याने तलवारबाजी पाहिली आणि तो तिने झपाटला गेला. गावात शिकविणारा कोणी नव्हता. मिळेल ते वाचून, पाहून आणि करून तो शिकला आणि 1954 साली त्याने गावच्या क्रीडामंडळात तलवारबाजीची शाखा उघडली. पुढे 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये त्याच्या गावच्या अलेक्झांडर पूश याने एपेचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. 1988 साली सेऊल येथे स्त्रियांच्या फॉइल स्पर्धेत तर सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके याच गावात शिकलेल्या मुलींनी जिंकली : आन्या फिख्टेल, सबीने बाऊ आणि त्सिता फुंकेनहाउसर. 1976 च्या सुवर्णविजेत्या फॉइल संघातील याच गावचा थोमास बाख पुढे 2013 ते 2025 या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष होता. एका नापिताच्या ध्यासाने हे सारे घडले.

इटलीतील येसी हे दुसरे गाव. तेथला एत्सिओ त्रिकोली हा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हाती सापडला आणि दक्षिण आफ्रिकेतील युद्धकैद्यांच्या छावणीत गेला. त्या छावणीत, शत्रुपक्षाच्या एका इंग्रजाकडून, तो तलवारबाजी शिकला! मायदेशी परतल्यावर 1947 साली त्याने येसीत तलवारबाजीचे मंडळ काढले. त्याचा शिष्य स्तेफानो चेरिओनी याने 1988 साली आणि शिष्या जोव्हान्ना त्रिल्लिनी हिने 1992 साली ऑलिम्पिकमध्ये फॉइलचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. व्हालेंतिना व्हेत्साली हिने तर 2000, 2004 आणि 2008 अशी लागोपाठ तीन वैयक्तिक सुवर्णपदके पटकावली. त्रिकोली 1996 साली निवर्तला, पण काम थांबले नाही. चेरिओनी पुढे इटलीच्या फॉइल संघाचा प्रमुख प्रशिक्षक झाला. 2012 साली लंडन येथे येसीच्याच एलिसा दी फ्रांचिस्का हिने सुवर्ण आणि व्हेत्सालीने कांस्य मिळविले. गुरू शत्रूच्या गोटातला, वर्ग तुरुंगातला आणि फळ सत्तर वर्षे पुरणारे, अशी ही कहाणी आहे.

या दोघांपाशी धन नव्हते, घराण्याची परंपराही नव्हती. दोघांनी मुलांबरोबर पुढचे शिक्षकही घडविले, एवढे साम्य मात्र बडोदे-अमरावतीशी जुळते.

चेन्नईची मुलगी, तलश्शेरीचे गुरुजी

आपल्या देशात आधुनिक तलवारबाजीची राष्ट्रीय संघटना 1974 साली स्थापन झाली आणि तिला केंद्र सरकारची मान्यता 1997 साली मिळाली. म्हणजे हा खेळ येथे अद्याप तरुण आहे. त्यातील सर्वांत उज्ज्वल नाव चेन्नईच्या भवानी देवी हिचे. तिचे वडील मंदिरात पुजारी होते, आई गृहिणी. 2004 साली शाळेत खेळ निवडावयाची वेळ आली, तेव्हा इतर खेळांच्या जागा भरल्या होत्या. उरली ती तलवारबाजी. योगायोग असा की त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या सेबरचा प्रथमच समावेश झाला. फॉइल स्त्रियांसाठी 1924 पासून होते, एपे 1996 पासून. सेबरचे दार मात्र चेन्नईच्या या मुलीने शस्त्र हाती घेतले त्याच वर्षी उघडले.

आरंभी सरावासाठी बांबूच्या काठ्या वापरल्या जात, कारण खरी शस्त्रे मोडली तर पुन्हा घेणे परवडणारे नव्हते. दहावीनंतर ती केरळातील तलश्शेरी येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात गेली आणि सागर लागू या प्रशिक्षकांच्या हाताखाली शिकली. आडनाव वाचताच आमच्या वाचकांस आपुलकी वाटेल. मुलगी तमिळ, गाव मल्याळी आणि गुरुजींचे आडनाव मराठी! पुढे तिने इटलीत निकोला झानोत्ती यांच्याकडेही शिक्षण घेतले. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती तलवारबाजीत उतरणारी पहिली भारतीय खेळाडू ठरली. ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझी हिला तिने 15-3 असे हरविले. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुने हिच्याकडून ती 7-15 अशी पराभूत झाली. 2023 साली चीनमधील वूशी येथे आशियाई स्पर्धेत तिने जपानची विश्वविजेती मिसाकी एमुरा हिच्यावर मात करून कांस्यपदक मिळविले.

तिच्या आयुष्यातील एक प्रसंग प्रत्येक प्रशिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. चौदाव्या वर्षी ती तुर्कस्तानात पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेस गेली, तेव्हा पट्टीवर येण्यास तिला तीन मिनिटे उशीर झाला. पंचाने काळे कार्ड दाखविले आणि स्पर्धा तेथेच संपली. तीन मिनिटांनी एवढ्या दूरचा प्रवास आणि एवढी मेहनत गमावली! शिक्षकाने शिकवावयाच्या गोष्टींत घड्याळ, सामानाची तपासणी आणि नियमांचे वाचन हेही येते, ते यासाठीच.

आमच्या शेजारच्या मराठवाड्यातही या खेळाने चांगले मूळ धरले आहे. छत्रपती संभाजीनगर येथील क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तलवारबाजीचे शिक्षण दिले जाते. 1956 पूर्वी तो भाग आणि आमचे बीदर हे एकाच हैदराबाद संस्थानाच्या, पुढे राज्याच्या, नकाशात होते. राज्याची सीमा मध्ये आली म्हणून विद्येने थांबावे, असा काही नियम नाही.

आपल्याकडे काय करता येईल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जनवाड्यात किंवा अशाच एखाद्या गावात मंडळ काढावयाचे, तर आरंभ कोठून करावा?

आमचे पहिले सांगणे असे की जमलेल्या वर्गणीतील पहिला खर्च शिक्षकावर करावा. गावातील शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, किंवा लाठी-पट्ट्याचा जाणता तरुण निवडावा आणि त्यास शिकण्यास पाठवावे. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षकांच्या शिक्षणासाठीच 1961 साली स्थापन झाली. तेथपर्यंत जाणे प्रथम शक्य नसेल, तर जवळच्या केंद्रात उन्हाळी सुटीभर राहून तरी शिकावे. वैद्य बंधूंनी दाखविलेली वाट हीच आहे. एक न पाठविता दोघांस पाठवावे, आणि त्यांत एक स्त्री असावी. एकाची बदली झाली, लग्न झाले, नोकरी लागली, तरी वर्ग चालू राहतो. आणि मुलींच्या मातांना निर्धास्त वाटते. वर्गाच्या वेळी कोणाही पालकास येऊन बसण्याची मोकळीक असावी. ज्या शिक्षकास पालकांची उपस्थिती खुपते, त्याच्या हाती मुले सोपवू नयेत.

दुसरे सांगणे असे की पहिले काही महिने तलवारीवाचून काढावेत. या खेळाचा पाया पायांत आहे. पुढे पाऊल, मागे पाऊल, झेप आणि पुन्हा पवित्र्यात परत येणे, हे चौदा मीटरच्या खडूच्या रेघेवर, शाळेच्या पडवीतही शिकविता येते. सामान त्यानंतर घ्यावे, आणि त्यातही जाळीचा मुखवटा व जाड अंगरखा प्रथम, शस्त्र मागाहून. या बाबतीत काटकसर करू नये. 1982 साली रोम येथील जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या माथियास बेअर याचे पाते मोडले आणि मोडके टोक प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा भेदून गेले. सोव्हिएत संघाचा विश्वविजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह त्यात प्राणास मुकला. बेअर हा एमिल बेकच्याच मंडळातला; त्याचा काहीच दोष नव्हता. त्यानंतर पात्यांचे पोलाद, मुखवटे आणि अंगरखे यांचे नियम कडक झाले, आणि आज योग्य सामान वापरून खेळल्यास हा खेळ पुष्कळ सुरक्षित आहे. परंतु भंगारातील पाते, मोडकळीस आलेला मुखवटा किंवा शोभेची खरी तलवार मुलांच्या हाती देणारा शिक्षक हा शिक्षकच नव्हे.

तिसरे सांगणे गावातील जुन्या जाणकारांविषयी. मोहरमला लाठी फिरविणारे चाचा, गुरुद्वाऱ्यातील गतक्याचे सरदारजी, शिवजयंतीचा पट्टेकरी, यांना दूर ठेवून मंडळ काढू नये. आधुनिक खेळाचे नियम त्यांना ठाऊक नसतील. पण अंतर ओळखणे, नजर स्थिर ठेवणे, हूल देणे आणि हूल ओळखणे, हे ज्ञान त्यांच्या अंगी मुरलेले असते. आठवड्यातून एक सायंकाळ त्यांच्यासाठी राखावी. माणिकरावांच्या आखाड्याची पाटी आठवावी. गुरू कोणत्या घरातून आला, हे तेथे कोणी विचारले नाही.

चौथे सांगणे असे की तीन-चार वर्षे शिकलेल्या मोठ्या मुलामुलींकडे लहानांचा एकेक गट द्यावा. शिकविताना जे उमगते ते शिकताना उमगत नाही, हा आमचा वर्गातील नित्याचा अनुभव आहे. जो विद्यार्थी आज धाकट्याचा पवित्रा दुरुस्त करतो, तोच दहा वर्षांनी मंडळ चालवितो. हिशेबाची वही आणि हजेरीचा पट मात्र शिक्षकाकडे न ठेवता पालकांच्या समितीकडे ठेवावा. शिक्षकाचे मन शिकविण्यात मोकळे राहते आणि संशयास जागा उरत नाही.

पदकांचा विचार सर्वांत शेवटी करावा. हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आमची मुले आहेत. सीमेवरील मराठी घरांत वाढणाऱ्या मुलास एक चमत्कारिक संकोच असतो. शाळेची भाषा एक, घरची दुसरी, बाजाराची तिसरी. कोठेही तो पूर्णपणे आपल्या अंगणात नसतो. खेळाच्या पट्टीवर हा संकोच गळून पडतो. तेथे मुखवटा घातल्यावर जात, भाषा आणि घरची ऐपत दिसत नाही. दिसतो तो केवळ पवित्रा. सामन्याच्या शेवटी हस्तांदोलन करण्याची या खेळात रीत आहे, आणि आरंभी व शेवटी प्रतिस्पर्ध्यास आणि पंचास शस्त्राने वंदन करावयाचे, हा तर नियमच आहे. तो मोडणाऱ्यास शिक्षा होते. हरलेल्याने जिंकलेल्याचा हात हातात घ्यावयाचा, हे वयाच्या बाराव्या वर्षी अंगवळणी पडले, तर पुढे गावाच्या चौकातही ते उपयोगी पडेल.

वाचकहो, आपापल्या गावी, मग ते बीदर-कलबुर्गीकडचे असो, बडोद्याकडचे असो वा इंदूर-ग्वाल्हेरकडचे, असे मंडळ काढण्याचा विचार जेव्हा निघेल, तेव्हा पहिल्या बैठकीत तलवारींच्या किमतीची चौकशी बाजूस ठेवा. शिकण्यास कोणा दोघांना पाठवावयाचे, ती नावे आधी कागदावर लिहा. येत्या उन्हाळी सुटीस अद्याप अवकाश आहे. तेवढ्या काळात दोन नावे ठरविणे कोणत्याही गावास अशक्य नाही.